नमुन्याचा हात

"दावा की अव्वा, कसं काढनार ते. काय बगून बसू मी?"

पोरगी निर्णा गावची होती, नव्या लग्नाची. गोंदणाऱ्या गंगव्वाच्या गोणपाटावर एक गुडघा टेकून बसली होती, पण तिचं निम्मं लक्ष हुमनाबादच्या जत्रेत होतं. गंगव्वाने सुयांची जुडी काजळीच्या वाटीत ठेवली आणि मातीत बोटाने मोर काढून दाखवला. पोरगी हसली. मातीतल्या मोरावर कोण हात पुढे करील?

"तुमच्या हातावर न्हाई का एखादं?"

गंगव्वाने हात पदराखाली ओढले. दोन्ही कोरे होते. अख्ख्या मुलखाचे हात हिरवे करणाऱ्या बाईचे स्वतःचे हात कोरे, हे ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. पण त्यांच्या घरची रीतच तशी. गोंदलेला हात चार दिवस सुजतो आणि धंद्याच्या हाताला सूज परवडत नाही. म्हणून नमुना गोंदायचा तो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातावर. गंगव्वाच्या आईने तो थोरल्या लेकीच्या हातावर गोंदला. गंगव्वाने आपल्या एकुलत्या एक लेकीच्या, शोभाच्या.

पोरगी उठली आणि समोर बाबूलालच्या पालात गेली. हा बाबूलाल हैदराबादचा. त्याच्याकडे बॅटरीवर गुरगुरणारं मशीन होतं आणि पत्र्याचा रंगीत बोर्ड होता. बोर्डावर गुलाब, नाग, हनुमान, झालंच तर बदाम आणि त्यात नाव. माणूस वाईट नव्हता. सकाळीच त्याने गंगव्वाला चहा पाजला होता आणि वर सांगितलं होतं, "अम्मा, लोगां कू पैले दिखाना पडता." तेच तिला झोंबलं होतं. काल आलेला माणूस तिला जत्रा शिकवत होता!

दाखवायचं काय असतं ते गंगव्वाला विचारा. मैलारची जत्रा, गाणगापूरची पुनव, हुमनाबाद. जिथे जाईल तिथे नऊ वर्षांची असल्यापासून शोभा शेजारी बसलेली, दोन्ही हात मांडीवर पसरून. मनगटापासून दंडापर्यंत तुळस, विंचू, पाळणा, मोर. बायका वाकायच्या, हव्या त्या चित्रावर बोट दाबायच्या आणि म्हणायच्या, "असलं." मग विचारायच्या, "दुखलं का गं?" त्यावर काय म्हणायचं ते गंगव्वाने लेकीकडून घोटून घेतलं होतं. "न्हाई. मुंगी चावल्यावानी." या एका वाक्यावर दुकान चालायचं.

शोभाचं लग्न झालं आणि दुकान बसलं. तीन वर्षं गंगव्वाने कशीबशी रेटली. आज मात्र दुपारपर्यंत एकही हात पुढे आला नाही, तेव्हा तिने गोणपाट गुंडाळलं, बाबूलालला लक्ष ठेवायला सांगितलं आणि लेकीच्या घरी निघाली.

जावई ज्ञानोबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. हुमनाबादच्याच बसस्टँडच्या मागे दोन खोल्या. शोभा दारात तुरीची डाळ पाखडत होती. अंगात लांब बाह्यांचं पोलकं. उन्हाळ्यात आलं तरी तेच. नोकरदाराच्या घरात असंच राहत असतील, असं गंगव्वा समजत आली होती. आत झोळीत सहा महिन्यांची नात झोपली होती.

"शोभे, दोन दिस ऱ्हायलेत जत्रंचे. येऊन बस नुसती. काई करू नगंस. हात तेवढे उगडे ठिव."

शोभा पाखडत राहिली.

"समदे त्या पत्र्याकडं जायलेत. तुझे हात दिसले की माघारी येतेत बग. कामून बोलंनास?"

"पत्रा बरा हाय की, माय. पत्र्याला बोट लावलं तर पत्र्याला काई व्हत न्हाई."

"म्हंजी?"

शोभाने सूप खाली ठेवलं. दारातून उठून आत आली आणि दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. मोर नव्हता, तुळस नव्हती. सगळ्या हातभर करपलेली, चकाकणारी, गाठी धरलेली कातडी होती. गंगव्वा बघत राहिली. असं काय करतं ते तिला ठाऊक होतं. बिब्याचं तेल. कातडी सोलून काढतं.

"ज्ञानोबानं करायला लावलं?"

"त्येनं? त्यो रडला. मीच केलं. एक हात बरा झाला की दुसरा."

गंगव्वाचा हात आपोआप पुढे गेला. कोपराखालच्या एका उंचवट्यावर तिने बोट टेकवलं. "हितं मोर हुता."

शोभाने हात हिसकून घेतला. "तूबी बोटच ठिवायलीस!"

"गिऱ्हाईक हुतं, शोभे. बगनारच की."

"बायका बगत हुत्या. त्या लारीवाल्या गड्यायला कुठं गोंदायचं हुतं? ह्ये काय, त्ये काय करत दंडापत्तुर बोट न्यायचे. मी तुझ्याकडं बगायचे. अन् तू खाली मान घालून काजळी घोटायचीस."

गंगव्वाने ते पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणूनच मान खाली असायची. गिऱ्हाइकाला तोडलं की जत्रेत जागा टिकत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. नमुन्याचे हात असलेली थोरली बहीण एका जत्रेतून परत आलीच नाही, तेव्हा आईने कुणालाही काही विचारलं नव्हतं. हेही गंगव्वा तिच्याकडूनच शिकली होती.

"च्या करते," शोभा म्हणाली.

"नगं." गंगव्वा झोळीकडे वळली. नातीचा एक हात झोळीबाहेर आला होता, गुबगुबीत आणि कोरा. शोभा मधे येऊन उभी राहिली. गंगव्वा दारातून बाहेर पडली. लेकीने आपल्याला इतकं ओळखावं, याचा तिला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

जत्रेत परतल्यावर तिने गोणपाट अंथरलं. डावा हात गुडघ्यावर दाबून धरला आणि सुया टोचायला सुरुवात केली. साठीची कातडी सैल पडलेली. ती ताणून धरायला आणखी एक हात लागतो, आणि तो नव्हता. मोराची मान वाकडी आली. रक्त पुसत ती टोचत राहिली.

बाबूलालने मशीन बंद केलं. "अम्मा, ये क्या करतें? इधर आव, मैं बना देतूं."

तिने मान हलवली. अर्धा मोर ठेवायचा नसतो. पिसारा पुरा केला, वर हळद फासली आणि हात मांडीवर पसरून बसली. हात ठणकत होता.

ऊन कलताना संतपूरची एक बाई आली. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, आईच्या लुगड्याआड लपलेली. बाई वाकली आणि टचटचीत सुजलेल्या मोरावर तिने बोट दाबलं.

"असला काढा हिच्या हातावर. लई भित्री हाय. दुखतंय का वो?"

गंगव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. हात मात्र तिने मागे घेतला नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "मुंगी चावल्यावानी."

"आयकलंस का?" बाईने मुलीला ओढून गोणपाटावर बसवलं आणि तिचा हात पुढे धरला. मुलगी गंगव्वाच्या तोंडाकडे बघायला लागली.

गंगव्वाने मान खाली घातली आणि काजळी घोटायला घेतली.