पाटाची उष्णता

सतरंजीवर पडलेल्या शकुंतलाबाईंचा उजवा पाय राहीबाईने मांडीवर ओढून घेतला, तळव्याला तूप चोपडलं आणि काशाची वाटी फिरवायला सुरुवात केली. टाचेकडून बोटांकडे, बोटांकडून पुन्हा टाचेकडे. मधेच वाटी थांबवून ती अंगठ्याने तळव्याचा खळगा दाबायची, की शकुंतलाबाई हळूच ‘स्स’ करायच्या.

“दुखतंय?”

“दुखतंय. पण थांबू नका.”

चार महिन्यांपूर्वी नवरा गेला, तेव्हापासून शकुंतलाबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मुलगा अनंत डॉक्टर. विश्रामबागेतल्या या बंगल्याच्या पुढच्या खोलीतच त्याचा दवाखाना. त्याच्या गोळ्या घेऊन त्या नुसत्या ग्लानीत पडून राहायच्या. त्याला झोप म्हणणं म्हणजे झोपेचा अपमान. शेवटी सून चारुशीलाने माधवनगरहून राहीबाईला बोलावणं धाडलं, तेही नवऱ्याला न विचारता. ही बातमी शेजारी पोचायला कितीसा वेळ लागणार? लीलाबाई आणखी दोघींना घेऊन बघायला हजर झाल्या होत्या.

हळूहळू तुपाचा रंग बदलला, तळवा काळाकुट्ट झाला.

“बाई गं, केवढी उष्णता निघतेय!” लीलाबाई म्हणाल्या.

राहीबाई वाटी फिरवतच राहिली. बायकांनी असं म्हणायचं आणि तिने ऐकून घ्यायचं, असंच आजवर चालत आलं होतं.

नेमका तेवढ्यात दवाखान्यातून अनंत आत आला. त्याने एकवार बायकोकडे पाहिलं. आरडाओरडा करणाऱ्यांतला तो नव्हता, आणि अशी माणसं जास्त महागात पडतात. भिंतीला टेकवलेला जेवणाचा पाट त्याने खाली ठेवला.

“वाटी देता जरा?”

पाटावर तूप घालून तो वाटी घासू लागला. घासली मात्र मनापासून. मग खिशातला पांढरा रुमाल पाटावरून फिरवून सगळ्यांसमोर धरला. रुमाल काळा झाला होता.

“काशावर तूप घासलं की काळं होतंच. आता सांगा, या पाटाला उष्णता झाली होती?”

लीलाबाईंना हसू फुटलं. मग त्या दोघीही हसल्या. घटकाभरापूर्वी तोंडभरून कौतुक करणाऱ्या याच त्या! राहीबाईची कानशिलं तापली. बहात्तर साली गिरणीतलं काम सुटलं, तेव्हापासून ही वाटीच तिचं पोट भरत होती. हा किस्सा संध्याकाळपर्यंत विश्रामबागभर झाला असता आणि उद्या कुणीही तिला दारात उभं केलं नसतं. पदर सावरून मुकाट्याने चालू लागावं, अशीच ती वेळ होती. राहीबाई जागची हलली नाही.

“त्ये काळं वाटीचंच हाय, मला ठावं हाय,” ती म्हणाली. “रोज राखंनं मीच घासती की तिला. उष्णता उष्णता ह्या बाया म्हनत्यात. म्या कवा म्हनलं?”

“मग त्यांना तसं सांगत का नाही?”

“न्हाई सांगितलं, ती माजी चूक. पर ‘गोळ्या सोडा’ आसंबी म्या कुनाला सांगितलं न्हाई. झोप लागंल, येवढंच माजं सांगनं.” तिने हनुवटीने पाटाकडे खूण केली. “आता तुमी सांगा, डाक्टर. पाटाला झोप लागली का?”

कुणी हसलं नाही, कारण चारुशीलाने ओठांवर बोट ठेवलं होतं. शकुंतलाबाईंची मान उशीवर कलली होती. तोंड किंचित उघडं होतं आणि त्या चक्क घोरत होत्या. काळा पाय अजून राहीबाईच्या मांडीवरच होता.

अनंत बराच वेळ आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग राहीबाईजवळ उकिडवा बसला आणि वाटी तिच्यापुढे केली.

“दुसरा पाय राहिलाय ना?” त्याचा आवाज अगदी दबका होता. “एकच पाय केला तर डोकं दुखतं म्हणतात.”

“आवं, तसं काय नसतंय,” राहीबाई म्हणाली आणि तिने डावा पाय मांडीवर घेतला.