ओवीला दिलेला कोपरा

सत्त्याण्णव साली आष्ट्यात मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना. आष्टा एका गुणानं पुढे, आणि कोयनानगरच्या शरयूची शेवटची चढाई बाकी. तेवढ्यात आष्ट्याच्या कप्तान ब्राह्मीनं चंदनबालाचा हक्काचा कोपरा काढून किडमिड्या ओवीला दिला.

"अगं, ती वाऱ्यानं उडंल!" चंदनबाला भडकली. तिच्या पकडीतून आजवर कुणी सुटलं नव्हतं.

"उडू दे की. तू तिच्या शेजारी उभी ऱ्हा, अन् गप."

कोपरा: ओवी.
शेजारी: चंदनबाला, फुगलेली.

शरयू आली. चंदनबालाला टाळून तिनं ओवी हेरली. ओवीला पाय लावायला ती वळली मात्र, तिची कंबर थेट चंदनबालाच्या हातांसमोर आली, कुणी आणून ठेवावी तशी.

चंदनबालानं मिठी घातली. शिट्टी झाली, मैदान ओरडलं, पण तिचे हात सैल होईनात. ती ब्राह्मीकडे बघतच राहिली. शरयू कुठं जाणार, कशी वळणार, हे या पोरीनं आधीच बघून ठेवलं होतं. आपल्याला फक्त एक पाऊल सरकवलं होतं तिनं!

"सोड की गं बाई," खालून शरयू म्हणाली, "झाली चढाई."