बाहेर जायचं नाटक

आमच्या हिने कुत्र्याचं नाव हवालदार ठेवलं, कारण घरातून कोण बाहेर जातंय यावर त्याची सारखी नजर. नाव हवालदार आणि काळीज उंदराचं. ही कोपऱ्यावरच्या दुकानात गेली तरी हा दारापाशी बसून कुंई कुंई करायचा. मला कुत्रं नकोच होतं, हे आधीच सांगतो. जन्मभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, निवृत्तीनंतर जरा शांतता हवी होती. नशिबी आली ही ब्याद.

मग ही इस्पितळात गेली. हृदयाचं दुखणं. सकाळी तिची धाकटी बहीण बसायची, दुपारी चार ते सहा मी. साडेतीनला मी कुलूप लावलं की मागे हवालदार घर डोक्यावर घ्यायचा. पहिल्याच दिवशी परत आलो तर दाराची चौकट कुरतडलेली, पुढच्या पायांची नखं रक्ताळलेली, आणि वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात उभ्या. म्हणाल्या, दोन तास अखंड रडत होता, कुणी मारतंय की काय असं वाटलं. आठवड्याभरात घरमालकाचा निरोप आला, की महिनाअखेरपर्यंत कुत्रा गप्प झाला पाहिजे, नाहीतर त्याची दुसरीकडे सोय करा.

हिला यातलं मी काही कळू दिलं नाही. खाटेपाशी गेलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, हवालदार एकटा राहतो का? माझ्या गुडघ्याची चौकशी नंतर. मी रोज ठोकून द्यायचो, राहतो की, मजेत राहतो. घरी येऊन तो गेलेला दिसला तर ही काय करील, याचाच मला घोर लागलेला.

शेवटी मेहुणीने मला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पिटाळलं. मी भांडायच्याच तयारीने गेलो. त्यांनी गोळ्यांचं नाव काढताच मी म्हटलं, कुत्र्याला कसली मनाची औषधं देता, दोन रट्टे दिले की सरळ होईल. बाई तरुण होत्या, पण डोकं थंड. त्यांनी हवालदाराचा पंजा उचलून मला तुटलेलं नख दाखवलं.

"हा खोडी करत नाहीये, काका. तुम्ही आता परत येणारच नाही, असं त्याला रोज वाटतं."

लिफ्टमध्ये अडकलेली माणसं मी कमी पाहिली नाहीत. चांगले शिकलेसवरलेले, टाय लावलेले लोक दोन मजल्यांच्या मधे दार बडवून बडवून हात सोलून घेतात. त्यांना कुणी रट्टे देत नाही. मी बाहेर उभा राहून त्यांच्याशी काहीबाही बोलत राहायचो. हे बिचारं जनावर रोज अडकत होतं, आणि मी घरी येऊन वर त्यालाच शिव्या घालत होतो. लाज वाटली मला.

गोळ्या दोन प्रकारच्या. एक रोज सकाळी, तिचा गुण यायला पाच-सहा आठवडे. तोवर दुसरी, बाहेर पडण्याआधी तासभर द्यायची, म्हणजे त्याला जरा गुंगी येईल. ही दिवसाला एकच, त्याहून जास्त नाही. मी ती उकडलेल्या अंड्यात दडवून द्यायचो. चार दिवस बरे गेले. रडला, पण कमी. पाचव्या दिवशी पठ्ठ्याने हिशेब लावला, की अंडं आलं म्हणजे हा चालला. अंडं बघूनच तो थरथरायला लागला, तोंडातून लाळ, डोळे पांढरे. गोळीचा असर व्हायच्या आतच त्याची भीती पुढे धावायची. त्या दिवशी त्याने चौकटीची दुसरी बाजू फोडली.

पुन्हा डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, एक दिवस गोळी द्या, बूट घाला, किल्ल्या घ्या, बाहेर जायचं सगळं नाटक करा, आणि जाऊच नका. दुपारभर तसेच बसून राहा. गोळी म्हणजे तुमचं जाणं नव्हे, हे त्याला कळू दे. सकाळी करतो म्हटलं, तर दुपारी द्यायला गोळी उरत नव्हती. म्हणजे एक दिवस भेट चुकवायची. आणि त्यासाठी हिला खरं सांगायचं.

सांगितलं. चौकट, नखं, घरमालक, सगळं. मान खाली घालून बोललो, शाळेत बोलायचो तसा. ती हसली.

"मला माहीत होतं. तुम्हाला कधी धड खोटं बोलता आलंय का? उद्या येऊ नका. त्याला शिकवा. मी कुठे पळून जातेय?"

मला सुटल्यासारखं वाटलं. तेच आता खातं मला.

दुसऱ्या दिवशी अडीचला अंडं दिलं. हवालदार थरथरला. मी बूट चढवले, पिशवी घेतली, किल्ल्या खुळखुळवल्या, आणि दारापाशी खुर्ची टाकून बसलो. पाऊण तास तो माझ्यासमोर धापा टाकत उभा. मी त्याला लिफ्टचे किस्से सांगत होतो, दुसरं काय सांगणार? मग त्याने एक जांभई दिली. बसला. जरा वेळाने माझ्याकडे पाठ करून आडवा झाला, आणि साडेचारला चक्क घोरायला लागला. मला इतका आनंद झाला की उठून नाचावंसं वाटलं. उद्या हिला हे कसं रंगवून सांगायचं, तेच मनात घोळवत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्याऐवजी मेहुणी बसली होती तिथे. म्हणाली, "भावोजी, असाल तसे निघा."

बूट पायात होतेच. हवालदार हलला नाही. कुलूप लावलं, रिक्षा पकडली, रिक्षावाल्याला पळव म्हटलं. पोचलो तर पडदा ओढलेला, आणि मेहुणी बाहेर भिंतीला टेकून. दहा मिनिटांपूर्वी, म्हणाली. चारनंतर ही दोनदा विचारत होती, झोपला असेल का गं आमचा हवालदार?

मी आत गेलो. तिचा हात अजून गरम होता. कानाशी वाकून म्हटलं, राहिला गं, एकटा राहिला. घरी काय चाललंय याची मला काडीची कल्पना नव्हती. रोजच्यासारखंच ठोकून दिलं.

पुढची सगळी धावपळ मेहुणीने केली. मला तिने संध्याकाळी तासाभरासाठी घरी पाठवलं, हिची साडी आणायला. जिन्यात मास्तरीणबाई भेटल्या. त्यांना काही माहीत नव्हतं. कौतुकाने म्हणाल्या, आज चूं की चां नाही हो, मी मुद्दाम दाराला कान लावला, ढाराढूर घोरत होता. गुणी झाला तुमचा कुत्रा.

मी दार उघडलं. हवालदार उठला, आळस दिला, आणि डुलत डुलत शेपटी हलवत आला. माझ्या अंगाची आग आग झाली. आयुष्यात कुणाचा इतका राग आला नसेल. त्याच्या पुढ्यात जमिनीवर बसलो, दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं.

"मेल्या, काल असा राहिला असतास, तर आज मी तिच्याजवळ असतो ना रे."

मग मी मोठ्याने रडायला लागलो. गुंगीतला तो माझे हात चाटत राहिला. त्याला वाटलं असेल, आज आपण शहाण्यासारखे वागलो, म्हणून शाबासकीच मिळतेय.