बाळाबाईंना मिळालेला आधार

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत चर्चच्या समितीनं 'आधार' नावाची योजना काढली. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या सभासदाला मंडळीतलं एकेक कुटुंब नेमून दिलं. बाळाबाई आवळे यांच्या वाट्याला धैर्यशील आला. त्याचा फ्लेक्स छापायचा धंदा होता. योजनेचा फ्लेक्सही त्यानंच छापला होता आणि त्यावर सगळ्या म्हाताऱ्यांचे फोटो मिळून जेवढे भरले असते, त्यापेक्षा त्याचा एकट्याचा फोटो मोठा होता.

बाळाबाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा कधीच गेला होता, मुलगा मस्कतला. शिवाजी पेठेतल्या एका बोळात तळमजल्याच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या. देवावर त्यांचा पक्का विश्वास होता. देवाच्या माणसांवर मात्र फारसा नव्हता.

रोज सकाळी धैर्यशीलचा मेसेज यायचा. उगवता सूर्य, खाली एखादं वचन आणि कोपऱ्यात हात जोडून हसणारा धैर्यशील. बाळाबाई कोपऱ्यावर अंगठा ठेवून वचन तेवढं वाचायच्या.

एप्रिलच्या अखेरीस त्यांना ताप आला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि दारावर महापालिकेचा कागद चिकटला. मुलगा तिकडून फोन करायचा आणि रडायचा, मग बाळाबाईंनाच त्याची समजूत घालावी लागायची. समोरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्यातच गॅस संपला. नवा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसानं तो कागद बघितला, सिलिंडर बोळाच्या तोंडालाच ठेवला आणि गाडी हाणली.

बाळाबाईंनी धैर्यशीलला फोन लावला. "आरं, सिलिंडर कोपऱ्यावर पडलाय. तेवढा दारात आणून ठेव. चहासुद्धा करता येईना झालाय."

"काकी, अजिबात काळजी करू नका," धैर्यशील म्हणाला. "आमी घरातली सगळी तुमच्यासाठी उपास धरून हाय."

"उपास मला घडतोय. तू कशाला करतोस?"

"विश्वास सोडू नका, काकी," असं म्हणून त्यानं फोनवरच लांबलचक प्रार्थना केली. तिच्यात तापाचा उल्लेख होता, सैतानाचा होता, सिलिंडरचा नव्हता. बाळाबाईंनी आमेन म्हटलं आणि दुधात चुरमुरे भिजवून खाल्ले. दुसऱ्या दिवशी दूधही संपलं.

रविवारी मोबाइलवर उपासना होती. पाळकसाहेबांनी सगळ्यांचे आवाज बंद करून ठेवले होते. संदेश झाल्यावर 'आधार'ची साक्ष द्यायला धैर्यशील पुढं आला. "आमच्या बाळाकाकी आजारी हायत. त्यांच्या दारात रोज गरम डबा ठेवायची संधी प्रभूनं मला दिली. त्यांचा हसरा चेहरा बघितला, की वाटतं, जन्माचं सार्थक झालं!"

बाळाबाई गादीवर ताडकन उठून बसल्या. "खोटारड्या! कुठला डबा? कसला डबा?" त्या ओरडत होत्या, पण आवाज कुणालाच जात नव्हता. कुठलं बटण दाबायचं, तेही त्यांना कळेना. पडद्यावरच्या छोट्याशा चौकोनात एक म्हातारी तोंड हलवताना तेवढी दिसत होती. पाळकसाहेबांनी ते पाहिलं आणि ते भारावून म्हणाले, "पाहा, काकी आभार मानताहेत."

मंडळीतल्या सगळ्यांना ते पटलं. पटलं नाही ते फक्त सगुणाबाईंना.

मंगळवार पेठेतल्या या सगुणाबाईंशी बाळाबाईंचं कैक वर्षांचं वाकडं होतं. नाताळच्या गाण्यांच्या तालमीत सगुणाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "बाळा, तू गप बस. तुझा सूर बिद्रीच्या साखर कारखान्याच्या भोंग्यागत हाय." तेव्हापासून दोघी चर्चमध्ये दोन टोकांच्या बाकांवर बसायच्या आणि तिथून एकमेकींकडे रागानं बघायच्या. इतकी वर्षं तो राग बघितलेल्या बाईला तो चौकोनातही ओळखता आला.

त्याच दिवशी दुपारच्या उन्हात बाळाबाईंच्या खिडकीवर काठी वाजली. बाहेर एकावर एक दोन मास्क लावून सगुणाबाई उभ्या होत्या, हातात पिशवी.

"जिती हाईस का?"

"तू? तू कशाला आलीस?"

"तुझ्यासाठी आलो न्हाय. त्या धैर्यशीलला खोटा पाडायला आलो. रोज डबा येतोय न्हवं? दाव बघू."

"डबा न्हाय आणि काय न्हाय. चुरमुरे खाऊन जगतोय मी."

सगुणाबाईंनी गजातून गरम पेजेचा डबा आत सरकवला. बाळाबाईंनी तिथंच उभ्या उभ्या दोन घोट घेतले. घशाखाली काहीतरी ऊन उतरलं तसं त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्या म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय."

"चव लागतीया म्हंजे मरत न्हाईस," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी धैर्यशीलला फोन लावला. त्या काय बोलल्या ते अख्ख्या बोळानं ऐकलं. लावून घेतलेल्या खिडक्याही हळूच किलकिल्या झाल्या.

तासाभरात धैर्यशील आला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पीपीई पोशाख, हातात फळांची परडी, आणि फोटो काढायला दुकानातला माणूस. सगुणाबाईंनी काठी आडवी धरली.

"फोटो मागनं. आधी कोपऱ्यावरचा सिलिंडर उचल."

"मावशी, या ड्रेसमध्ये कसं..."

"प्रार्थना म्हणत उचल. तोंडपाठ हाय की तुला."

त्या प्लॅस्टिकच्या पोशाखात घामानं निथळत, धापा टाकत धैर्यशीलनं सिलिंडर खांद्यावरून दारापर्यंत आणला. दुकानातल्या माणसानं मोबाइल वर केला, पण मालकाचा चेहरा बघून मुकाट्यानं खिशात घातला. साक्ष द्यायला धैर्यशील त्यानंतर बरेच रविवार पुढं आला नाही.

सगुणाबाई रोज येत राहिल्या. जाताना खिडकीशी उभं राहून प्रार्थना करायच्या, तीही मोठ्यांदा. "प्रभू, ही बाई हट्टी हाय, भांडकुदळ हाय, गाण्याचं अंग न्हाय. तरी हिला बरी कर." आतून बाळाबाई म्हणायच्या, "आणि बाहेरच्या बाईच्या जिभेला वळण लाव. आमेन."

ताप उतरला. दारावरचा कागद निघाला. अंगात चालण्याइतकं बळ आल्यावर बाळाबाई पहिल्यांदाच मंगळवार पेठेत सगुणाबाईंच्या घरी गेल्या. उंबऱ्यावर बसून बराच वेळ दम घेतला. आभार मानायचे असं घरातून ठरवून निघाल्या होत्या, पण ते तोंडातून निघेनात.

"तापात पडल्या पडल्या मी लई रडलो, सगुणा," शेवटी त्या म्हणाल्या. "म्हटलं, प्रभू, एवढी मोठी मंडळी तुझी, माझ्याकडं कुणाला तरी धाड. आणि त्यानं तुला धाडलं."

"मग?"

"मग काय. लाखात एक माणूस धाडलं असं म्हणू व्हय? माणसांची लईच टंचाई पडली आसंल त्याच्याकडं."

सगुणाबाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. बाळाबाई उठल्या, आत जाऊन त्यांनी माठातलं पाणी आणलं आणि त्यांची पाठ चोळत बसल्या.