निळेबाबाची पेटी

सभागृह खच्चून भरलं होतं. स्टेजवर निळेबाबा हात उंचावून गर्जत होता, "चांदीचं नाणं छातीला लावा आणि माझ्या पेटीत टाका! तासाभरात रोग नाण्यात उतरतो. पिवळं झालं तर रोग हलला, तांबूस झालं तर निघाला, आणि निळं झालं की गेलाच म्हणून समजा! गोळ्या? द्या फेकून!"

पहिल्या रांगेत भावजी सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते. ते बघून पारखीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जुनी नाणी पारखण्यात वीस वर्षं घालवलेली ही बाई. तिच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे भावजींच्या बायकोचं नाणं असंच निळं झालं होतं. तिनं इन्सुलिन बंद केलं आणि अठरा दिवसांत ती गेली. वर भावजी म्हणाले, "तिची श्रद्धा कमी पडली." आता स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्याही सोडून बसले होते!

ताईचं नाणं बघताक्षणीच बाईनं ओळखलं होतं. चांदीवर खरा रंग चढायला वर्षं लागतात. तो कडेकडून हळूहळू आत सरकतो, एका छटेतून दुसरीत विरतो, आणि नाणं ठेवलेल्या पाकिटाच्या कागदाला टेकलेली बाजू वेगळी दिसते. हा तर घाईघाईनं ओतल्यासारखा, दोन्हीकडे सारखाच. त्याच दिवशी तिनं ठरवलं, याला रडवायचं, तेही चारचौघांत.

ती स्टेजवर गेली. "बाबा, माझाही रोग काढा," म्हणत तिनं नाणं दिलं.

तासाभरानं बाबानं पेटी उघडली आणि नीट न बघताच नाणं उंच धरलं. "निळं!"

"अहो, त्यावर काहीतरी लिहिलंय," पुढून कुणीतरी ओरडलं. "चोर!"

खरंच की! निळ्या नाण्यावर दोन पांढरीशुभ्र अक्षरं चकाकत होती. बाबा गडबडला, पण गडी मुरलेला. "नाणं बोललं! तुमच्यात चोर आहे!"

लोक एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. बाईनं पर्समधून एक छोटी बाटली काढली.

"ते मी लिहिलंय, बिनरंगी नेलपॉलिशनं. त्याच्याखाली वाफ पोचत नाही, म्हणून तेवढी चांदी पांढरी राहिली. रोग काय नेलपॉलिशला अडतो होय?"

हशा पिकला. बाईनं पेटी उलटी केली. तळाची फळी निसटली आणि कुस्करलेली उकडलेली अंडी बाबाच्या पायांवर सांडली. सोबत अत्तराचा बोळाही पडला, अंड्यांचा वास लपवायला ठेवलेला.

"आता तूच सांग. मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"बाई, पोटासाठी करतो हो..."

"सांग!"

"अंड्यातल्या गंधकाच्या वाफेनं चांदी रंगते," बाबा पुटपुटला.

"मोठ्यानं!"

तिनं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. दया? छे! तिला मनापासून बरं वाटत होतं. पोलिसांना तिनं आधीच बोलावून ठेवलं होतं. ते त्याला दंडाला धरून घेऊन गेले, तेव्हा ती लोकांकडे वळली.

"चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी झाकण उघडून बघा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही औषध सोडू नका."

भावजी खुर्चीतच बसून होते. "तिनं इन्सुलिन सोडलं नसतं तर...?"

खोटं बोलून त्यांना सावरता आलं असतं. बाईनं तसं केलं नाही.

"जगली असती," ती म्हणाली. "उठा आता. तुम्हाला डॉक्टरांकडे न्यायचंय."