डोकं कुठल्या बाजूला

मावशीचं म्हणणं एवढंच, किडा उलटा धर.

किडा पानासारखा चपटा. एका बस ड्रायव्हरच्या पित्ताच्या नळीतून काढलेला. काढताना दोन्ही टोकं फाटली. लॅबमध्ये मीच तो रंगवून काचेवर लावला. मी हे बघून बघून शिकलोय, कॉलेज वगैरे नाही. यकृतातला किडा म्हणजे एकाच अंगात नवरा-बायको. वृषणं शेपटीकडे, अंडाशय त्यांच्या पुढे, तर माशातून आलेला. वृषणं डोक्याकडे, तर मेंढ्यांचा. आणि डोकंच नसलं तर? उलटा धरा, माशाचा मेंढीचा होतो.

जेवताना हे बोलून बसलो. ड्रायव्हर मावशीच्या गाड्यावर लिंबात मुरवलेला कच्चा मासा खायचा.

"डोळ्या, किड्याला डोकं नाही, तुला तरी आहे ना?" मावशी म्हणाली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसतो म्हणून मी डोळ्या. "मेंढीचा लिही. मेंढी कुठं भांडायला येतेय?"

"आणि बाकीचे खाणारे?"

"काय झालंय त्यांना? तुला याच माशावर वाढवलंय मी."

"म्हणून तर माझीही तपासणी लावलीय. तुझीही शौचाची डबी लागेल."

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

"मोजतो."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "ओळखता येत नाही असं लिही, मोकळा हो." खोटंही नव्हतं ते. गाडाही वाचला असता.

पण किडा ज्या बाटलीतून आला, तिच्या तळाशी गाळ होता. तो कुणी बघितलाच नव्हता. मी बघितला. त्यात कणाएवढा तुकडा, तोंडाचं चूषक, म्हणजे चिकटायची वाटी, स्पष्ट. फाटलेली कड वृषणांपासून लांबच्या टोकाला बरोब्बर बसली. म्हणजे वृषणं शेपटीकडे.

मासा. तसंच लिहिलं. मॅडमनी सही केली.

संध्याकाळी गाड्यावर गेलो आणि मुरवलेल्या बरण्यांत फिनेल ओतलं. सगळ्या.

मावशी म्हणाली, "घरात पाय ठेवू नकोस."

"नाही ठेवत. गाड्यावर ठेवतो." मी स्टोव्ह पेटवला, कढई चढवली. तिनं कढई उतरवली. मी परत चढवली.

तेवढ्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं. "मुरवलेला द्या."

"संपला," मावशी म्हणाली.

"संपला नाही," मी म्हणालो, शेजारच्या गाड्यापर्यंत ऐकू जाईल असं. "बंद केलाय. कच्च्या माशातून पोटात किडा जातो. तुम्ही खाल्लाय, तपासून घ्या."

मावशीनं हातातला चमचा आपटला. मग तळायचे मासे साफ करायला बसली, माझ्याकडे पाठ करून.