जाळीवरची कुंभारीण

सुंदराबाईंच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हला अंगडं होतं. मऊ सुती लुगड्याचं, झालर लावलेलं, मागून थेट ओट्यापर्यंत लोंबणारं. कडाव गावात दुसऱ्या कुणाच्या यंत्राचा असला थाट नव्हता. "यंत्राला थंडी वाजते काय गं सुंदरे?" असं शेजारची येसूबाई विचारायची, आणि सुंदराबाई तिला चहा न पाजताच परत पाठवायच्या.

ते लुगडं त्यांच्या आईचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. सून सोनालीला मागे दिवस गेले तेव्हा बाळाच्या दुपट्यांसाठी म्हणून त्यांनी ते पेटीतून काढलं. नेमकं त्याच सुमाराला खिडकीच्या चौकटीत कुंभारणीनं घर बांधलं. कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची, चिखलाच्या गोळ्या आणून घर लिंपणारी माशी. तिनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, असं सुंदराबाईंच्या माहेरी, पोशीरला, मानतात. मग काय विचारता! डेअरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत एक माणूस त्यांनी सांगायचा ठेवला नाही. आणि तिसऱ्या महिन्यात सगळं आटोपलं. सोनाली दवाखान्यातून घरी आली तर आळीतल्या बाया दारात हळहळायला हजर. ती सासूला एक शब्द बोलली नाही, पण पुन्हा तो विषयही तिनं कधी काढला नाही. सुंदराबाईंना ते लुगडं बघवेना आणि टाकवेनाही. मायक्रोवेव्ह आला तसं त्यांनी ते कापून त्याला घातलं.

यंदा भातकापणी उरकल्यावर एका दुपारी त्या अंगडं धुवायला काढत होत्या, तर मागून गुंईं असा आवाज आला. वाकून बघतात तो मागच्या जाळीवर, भिंतीच्या अंगाला, कुंभारीण! तोंडात चिखलाची गोळी धरून ती जाळीच्या फटीवर ओलं कडं ओढत होती, आणि ओढताना गुणगुणत होती. बांगडीवर बांगडी चढावी तशी मातीची कडी चढत गेली. सुंदराबाईंनी जन्मभर भिंती लिंपल्या, पण अशी कड त्यांना एकदासुद्धा साधली नव्हती. मग तिनं एकेक हिरवट कोळी उचलून आणला, पिल्लाच्या खाण्याची बेगमी म्हणून आत कोंबला, तोंड लिंपलं आणि निघून गेली. पोराचं तोंड बघायलाही थांबली नाही. हिला हे शिकवलं कुणी? सुंदराबाई ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या. दूध उतू गेलं तरी त्यांना पत्ता नव्हता.

या वेळी मात्र त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. सोनाली कामावर गेली की त्या गुपचूप प्लग काढायच्या, ती यायच्या आत परत लावायच्या, आपलं सगळं गॅसवर तापवायच्या, आणि अंगडं मागून नीट सारखं करून ठेवायच्या. पण सकाळी डब्याच्या घाईत सोनाली बटण दाबायची आणि यंत्र मध्येच तापून बंद पडायचं. शेवटी तिनं कर्जतच्या नरेश मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, ताई. ती कोंडली की यंत्र आपोआप बंद होतं. प्लग काढून सुक्या ब्रशनं जाळी साफ करा, भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, आणि वर काही घालू नका."

रविवारी सोनालीनं ब्रश हातात घेतला तशा सुंदराबाई यंत्राच्या आडव्या आल्या.

"राहू दे गं. आज आमावस्या हाय."

"आमावस्या मंगळवारी झाली, आत्या."

प्लग निघाला, अंगडं निघालं, यंत्र पुढं ओढलं गेलं. जाळीवर लिंबाएवढं मातीचं घर. सोनाली ब्रश हातात धरून वाकली.

"कधीपासून हाय हे?"

"कापणीपासून."

"मला बोलला नाय तुमी?"

"कुनालाच नाय. येसूला पन नाय." येसूबाईपासून काही लपवणं सासूला किती जड गेलं असेल, हे सोनालीला सांगायला नको होतं. सुंदराबाई पुढं म्हणाल्या, "गेल्या येळी मी गावभर डांगोरा पिटला गं. तुला धड रडूपन दिलं नाय. आता मोडायचं तर मोड. फक्त मला बगायला लावू नको."

त्यांनी तोंड फिरवलं. आत पोर असेल, ते जाईल, आणि त्याच्याबरोबर घरातली आशाही जाईल, एवढंच त्यांना कळत होतं. ब्रश जाळीला लागल्याचा आवाज काही येईना. आला तो वेगळाच, नखानं मडकं खरवडावं तसा.

"आत्या, हिकडं या. लवकर."

माती आतून कुरतडली जात होती. तीळभर भोक पडलं. त्यातून काळं डोकं दिसलं, आत गेलं, पुन्हा कुरतडू लागलं. दोघी आणखी वाकल्या. भोक रुंदावलं, एक पाय आला, मग दुसरा, मग केसाएवढी कंबर, आणि अख्खी नवी कुंभारीण जाळीवर येऊन उभी राहिली. अंगावरची धूळ तिनं पायांनी पुसली, दोन्ही मिशा विंचरल्या. आईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, उजेड पाहिला नव्हता. तरी खिडकी कुठं आहे हे तिला बरोबर ठाऊक होतं. भुर्रकन उडून ती कापलेल्या शेतांवर गेली. सुंदराबाईंचे हात आपोआप जोडले गेले.

मग सोनालीनं रिकामी माती हलक्या हातानं खरवडली. ब्रशनं झटकल्यावर जाळीतून दसऱ्याच्या पूजेच्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, अक्षता निघाल्या, काळी चिकट धूळ निघाली. ओल्या फडक्यानं पुसून तिनं यंत्र वीतभर पुढं सरकवलं. सुंदराबाईंच्या जिभेवर केव्हाचं 'आता पाळणा हलणार' हे एकच वाक्य येत होतं. त्यांनी ते गिळलं, आणि सवयीनं अंगडं उचललं.

सोनालीनं ते त्यांच्या हातातून घेतलं. "याला नको. याला हवा लागते." तिनं तो मऊ कपडा गालाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"आत्या, हे उसवलं तर दुपटी किती निघतील?"

सुंदराबाईंनी सुनेकडे पाहिलं. विचारायला तोंड उघडलं. बाहेर येसूबाई कपडे वाळत घालत होती. त्या गेल्या, खिडकी ओढून घेतली, कडी लावली, आणि मग सुनेच्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाल्या,

"झालर धरून चार निघतील, माझे बाय."